जोडसायकलचा हिसका

४ फेब्रुवारी, रविवार

काल डॉक्टरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक लहान वर्तुळ काढलं आणि मधली जागा पेनने गिरवून काळी केली. आत जे पांढरं उरलं तेवढं बाबांना दिसतं. तेही हळूहळू मिटणार आहे. किती काळात, असं मी विचारलं. "नक्की सांगता येत नाही. वर्षभर म्हणा. कमीही असेल." आमच्या पंप तपासायच्या प्रयोगशाळेत अशी उत्तरं चालत नाहीत. पण ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

बाबांनी नोकरीची सगळी वर्षं सायकलवरून घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. शेवटी शेवटी मीटरवरचे आकडे नीट दिसायचे, पण मीटरपर्यंत जाताना उघडं फाटक दिसायचं नाही. कपाळाला खोक पडून घरी यायचे. आम्हाला वाटायचं, माणूस धांदरट झालाय.

सायकल त्यांनी गेल्या वर्षी देऊन टाकली. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत असतात. आज जेवताना आपणहून म्हणाले, "तलावाच्या बांधावर सायकलने एकदा जायचं होतं. राहिलं."

आईने पानात भात वाढला.

५ फेब्रुवारी, सोमवार

जोडसायकल नावाचा प्रकार असतो. एक सांगाडा, दोन सीटा, एकामागे एक. पुढचा हँडल आणि ब्रेक सांभाळतो, मागचा फक्त पायडल मारतो. दोघांची पायडलं एका चेनने जोडलेली असतात, त्यामुळे एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही थांबतात. मागच्याला दिसण्याची गरज नाही.

अडचण एकच आहे. पुढे कुणीतरी लागतं, आणि मला सायकल येत नाही.

सात वर्षांची असताना बाबा शिकवत होते. "धरलंय, धरलंय" म्हणत मागून पळत होते. मी वळून पाहिलं तर ते लांब उभे होते, टाळ्या वाजवत. मी पडले आणि पुन्हा बसले नाही. नोंद म्हणून लिहिते आहे, तक्रार म्हणून नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुकानं शोधायला बाबांना बरोबर नेलं. सायकल त्यांनाही बसायला हवी, म्हणून मोजमाप लागेल असा माझा हिशेब.

पहिलं दुकान काचेचं. आत कॉफीचं यंत्र. विक्रेत्याने मला एक इतकी हलकी सायकल दाखवली की ती त्याने दोन बोटांवर तोलली. मी सांगितलं, मला येत नाही, शिकायची आहे, आणि नंतर जोडसायकल हवी आहे. तो म्हणाला, "ही चालवलीत की आपोआप पोचाल." कुठे पोचेन ते सांगितलं नाही. मग माझ्याकडे बघत विचारलं, "काकांना बसायला खुर्ची देऊ का?" बाबा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

दुसरं दुकान गल्लीतलं. मालक म्हणाला, "मुलींना ही बरी," आणि पुढे टोपली असलेली गुलाबी सायकल काढली. जोडसायकल म्हटल्यावर हसला. "नवरा-बायकोसाठी असते ती. यांना कशाला या वयात उठाठेव? त्यांना घरी आराम करू द्या."

माझ्या टिपणात दोन्ही दुकानांपुढे 'नट आवळताना जोर मोजत नाहीत' असं कारण लिहिलं आहे. ते खरंही आहे.

घरी येताना बाबा म्हणाले, "राहू दे. मागे बसायचं म्हणजे सामान. मी सामान नाही."

१७ फेब्रुवारी, शनिवार

तिसरं दुकान पाण्याच्या टाकीमागे आहे. पाटी नाही, दारावर एक चाक टांगलेलं आहे. मालकीण पन्नाशीची, हाताला कोपरापर्यंत ग्रीस. तिच्या भिंतीवर सगळे पाने आकारानुसार लावलेले आहेत आणि प्रत्येकामागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे, त्यामुळे कुठला जागेवर नाही ते लगेच कळतं. हे मला आवडलं.

मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "जोडसायकल मी आजवर उघडलेली नाही. मला त्यातलं माहीत नाही." जरा थांबून म्हणाली, "शिकेन. पण आधी चौकशी करू दे."

पंप बनवणाऱ्या एकाही कंपनीच्या माणसाने मला 'माहीत नाही' असं कधी सांगितलेलं नाही.

मग ती माझ्याकडे न बघता बाबांकडे वळली. "दादा, उंची किती? गुडघे कसे आहेत? आधी काय चालवत होतात?"

बाबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "ताई, तुम्हाला नाही विचारलं."

मग बाबा बोलू लागले. त्यांच्या जुन्या सायकलचा ब्रेक, चढावर उभं राहून पायडल मारायची पद्धत, अंगावर येणारी कुत्री. शेवटी म्हणाले, "पण आता मागे बसायचं म्हणजे सामानच."

"सामान पायडल मारत नाही, दादा. मागचा माणूस इंजिन असतो. पुढचा नुसता ड्रायव्हर."

बाबा हसले. मला म्हणाली, "ड्रायव्हरबाई, तुम्ही आधी एकट्या शिका. माझी जुनी सायकल घेऊन जा. पडलात तरी तिला काही होत नाही."

"आणि मला?"

"तुमची दुरुस्ती मी करत नाही."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, एक तरी बाई सापडली तुला गप्प करणारी. पण तू तर आधीच गप्प."

३ मार्च, रविवार

सायकल येते आता. पंपघराच्या मागच्या मैदानात रोज कामानंतर सराव केला. ढोपरं सोलली, एक पँट फाटली. युक्ती एवढीच की समोर लांब बघायचं, चाकाकडे नाही. हे कुणी आधी सांगितलं असतं तर पँट वाचली असती.

पानेवालीने (आईने ठेवलेलं नाव) एक जोडसायकल मिळवली. एका बागेत भाड्याने देत असत, ती बाग बंद पडली. तिने सगळी उघडून, धुऊन, पुन्हा जुळवली. मागचं हँडल बाबांच्या हातांना लांब पडत होतं ते तिने बदललं. बाबांना तीनदा बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं. प्रत्येक वेळी त्यांनाच विचारलं.

बाबांची एकच अट: "काहीतरी उजळ रंगाचं घाल. मागून मला फक्त तुझी पाठ दिसणार."

पिवळा शर्ट घेतला. मला पिवळा रंग आवडत नाही.

९ मार्च, शनिवार

आज पहिल्यांदा दोघं. रस्ता रिकामा, सकाळची वेळ. बाबा मागे बसले आणि म्हणाले, "सोडताना सांगून सोड."

"बाबा, मी पुढे आहे. मी सोडू शकत नाही."

"हां. तेही खरंच."

निघालो. सरळ रस्त्यावर सायकल छान पळते, एकटीपेक्षा सोपी. बाबांच्या पायात अजून जोर आहे. पण पहिल्याच वळणावर खालून जोराचा हिसका आला, पायडल अडल्यासारखं. पुढच्या वळणावर पुन्हा. ब्रेक लावला तेव्हाही. चौथ्या वेळी तोल गेला आणि मी पाय टेकले.

दोन पायडलांमधली चेन सैल असणार.

बाबा म्हणाले, "छान झालं." घरी आल्यावर थेट खुर्चीत जाऊन बसले.

१२ मार्च, मंगळवार

पानेवालीने चेन तपासली. सैल नाही. चाकं फिरवून पाहिली, दांड्यांचे नट पाहिले, दोन्ही सीटा हलवून पाहिल्या. म्हणाली, "मला काही सापडत नाही."

"पण हिसका येतो."

"येत असेल. पण सापडलं नाही तर उगाच काहीतरी बदलून देऊ का?"

हे उत्तर मला पटलं नाही. यंत्रात दोष असतो तेव्हा तो कुठेतरी असतोच.

१७ मार्च, रविवार

ऑफिसातला कंपन मोजायचा सेन्सर सायकलच्या सांगाड्याला बांधला. मी दिवसभर हेच करते, पंप आणि मोटारी खराब होण्याआधी त्यांची थरथर वाचते. आलेख स्पष्ट आहे. हिसका वळणावर येतो, ब्रेक लावताना येतो आणि रस्ता खडबडीत होतो तिथे येतो. उगम मागच्या पायडलांकडे. म्हणजे मागचं बेअरिंग.

बाबांनी आज लवकर परत फिरू म्हटलं. गुडघा दुखतो. त्यांची सीट बोटभर वर घेतली, उंची कमी असेल तर गुडघ्यावर ताण येतो. त्यांनी "बरं" म्हटलं.

२४ मार्च, रविवार

गुडघा अजून दुखतो. निघालोच नाही.

आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "दोघं इतका वेळ बाहेर असता, बोलता काय?"

"काही नाही. मी लक्ष देऊन चालवते."

"तेच म्हटलं. एक मूग गिळून पुढे, एक मूग गिळून मागे. वाचनालयात तरी पानं उलटल्याचा आवाज येतो."

२६ मार्च, मंगळवार

सायकल काचेच्या दुकानात नेली. त्यांनी न विचारता मागचं बेअरिंग आणि मधली चेन दोन्ही बदलली. विक्रेता म्हणाला, "आता लोण्यासारखी चालेल."

३० मार्च, शनिवार

हिसका तसाच आहे. लोणी नाही.

वळणावर आम्ही जवळजवळ पडलो. बाबांनी मागून माझा शर्ट धरला. घरी आल्यावर म्हणाले, "तुझा वेळ जातोय. आपण बांधावर रिक्षानेही जाऊ शकतो." आणि नंतर, "त्याला काय, पाणी तेच."

ते खुर्चीत बसले. खिडकीकडे तोंड होतं, पण बाहेर बघत नव्हते. मला वाटतं त्यांनी ठरवून टाकलंय.

३१ मार्च, रविवार

सायकल ढकलत पानेवालीकडे गेले. नवी चेन बघून तिला कळलंच.

"दुसरीकडे गेला होतात."

"हो."

"काय म्हणाले?"

"लोण्यासारखी चालेल."

"मग?"

"मग काय. तुमच्याकडेच आले ना."

ती हसली नाही, पण पाना खाली ठेवून तिने स्टूल पुढे सरकवलं. मी आलेख दाखवला. तिला आलेखातलं कळत नाही, असं तिने सांगितलं. मी समजावून सांगत असताना माझं मलाच एक गाळलेलं दिसलं. पंपात दोष सापडत नसेल तर आम्ही एकेक भाग बदलून बघतो. इथे शंका असलेले सगळे भाग बदलून झाले होते. फक्त बसणारे बदलले नव्हते.

मी म्हटलं, "तुम्ही पुढे बसा. मी मागे. डोळे मिटून."

"कशाला?"

"चाचणी म्हणून."

टाकीभोवती एक रिकामा वळणाचा रस्ता आहे. ती पहिल्यांदाच जोडसायकल चालवत होती, त्यामुळे दात आवळून गप्प होती. मी डोळे मिटले. पहिल्या काही क्षणांत काही झालं नाही. मग सायकल एकाएकी कलली, आणि माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, ते थांबले. हिसका आला. पुढे कुठेतरी तिने ब्रेक लावला. मला ते आधी कळलं नाही, आणि पाय पुन्हा ताठ झाले. खाली रस्ता आहे हे माहीत असून मला वाटत होतं की पुढच्या क्षणी तो संपणार आहे. मी तिचा शर्ट धरला होता. हे नंतर कळलं.

"उतरायचंय का?" तिने विचारलं.

"नाही. आणखी एक फेरी."

एव्हाना तिला सायकलचा अंदाज आला होता, त्यामुळे ती बोलायला लागली. तिला गप्प बसणं जमत नाही. "आता उजवीकडे घेतेय बरं का. इथे कुणीतरी खडी टाकून ठेवलीय, काय लोक असतात, धडधडेल जरा. आता सरळ. हळू करते, मांजर बसलंय. उठ की गं बाई. उठली."

त्या फेरीचा आलेख माझ्यासमोर आहे. हिसका एकही नाही.

मी तिला दाखवला. ती रेघेवरून बोट फिरवत गेली.

"म्हणजे सायकलीत काही नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकलं. मलाही सुचलं नव्हतं. मी तरी कुठे मागे बसून पाहिलं होतं?"

गुडघा हे नुसतं निमित्त होतं, तेही मला तिथे उभं असताना कळलं. सीट पुन्हा बोटभर खाली घेतली.

१ एप्रिल, सोमवार

बाबांना म्हटलं, शनिवारी निघायचं.

"गुडघा..."

"बाबा, मी काल मागे बसून आले. डोळे मिटून."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"मला भीती वाटली," मी म्हटलं. हे वाक्य मी घरात याआधी कधी म्हटलं असेल, आठवत नाही.

बाबांनी हात पुढे करून टेबलावर माझा हात शोधला. सापडायला थोडा वेळ लागला. "मला वाटलं, तुला वाटेल म्हातारा घाबरट आहे."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू तरी कधी काय सांगतेस?" त्यांनी विचारलं. आवाज चढवून नाही. खरंच विचारलं.

६ एप्रिल, शनिवार

बोललं, की चालते. पण बोलणं कठीण आहे. मी आधी शब्द ठरवून घेतले होते: डावं, उजवं, ब्रेक, खड्डा, चढ, उतार. यंत्राला आज्ञा द्याव्यात तसे. बाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "मीटर वाचल्यासारखं नको. जे दिसतं ते सांग."

मग सांगत गेले. भिंतीला नवा रंग दिलाय, निळा, चांगला नाही. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन आडवा चाललाय, हळू करते. डावीकडे वळतोय, मोठं वळण आहे.

"इथे पिवळ्या फाटकाचं घर होतं," बाबा म्हणाले. "मीटर जिन्याखाली. त्यांची म्हातारी मला दर वेळी विचारायची, बिल कमी करता का?"

"फाटक अजून आहे. पिवळं नाही, हिरवं केलंय."

"म्हातारी?"

"म्हातारी दिसत नाही."

परतताना मधेच थांबलो. मी विचारलं, गुडघा कसा आहे?

"कुठला गुडघा?" बाबा म्हणाले.

पानेवालीच्या दारावरून येताना ती बाहेर आली. "काय मीटरवाले, आज किती युनिट?"

"मोजतोय," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर फार बोलतो."

"घरी आईला सांगू नका," मी बाबांना म्हटलं.

"आधी तिलाच सांगणार."

२१ एप्रिल, रविवार

बांधापर्यंत जाऊन आलो.

काल पानेवालीने ब्रेक पाहिले, चाकांत हवा भरली, दोन सुट्या ट्यूब दिल्या आणि त्या कशा बदलायच्या ते बाबांच्या हातांनी करवून घेतलं. "वाटेत पंक्चर झालं तर ड्रायव्हर नुसता बघत उभा राहील," ती म्हणाली. बाबांनी चाक मांडीवर घेऊन, न बघता, टायर रिमवरून उतरवला. त्यांची बोटं अजून जलद आहेत.

आज सकाळी आईने दारातून सांगितलं, "सावकाश जा. आणि हिला गप्प बसू देऊ नका."

रस्ता लांब, बराचसा सपाट. मी बोलत होते. दोन्हीकडे शेतं कापून झालेली आहेत, जमीन उघडी आहे. एक ट्रॅक्टर मागून येतोय, त्याला जाऊ देते. बाबा अधूनमधून काही विचारत होते. मध्येच मीटरच्या गोष्टी. एकदा म्हणाले, "तू लहान असताना मी सीट सोडली ते सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगितलं तर तू घाबरशील." मी म्हटलं, "पुढे पूल आहे, धडधडेल." पूल पार झाल्यावर म्हटलं, "हो, सांगायला हवं होतं." ते हसले असावेत. पाठीमागचं मला दिसत नाही.

बांधावर वारा होता. सायकल टेकवून आम्ही दगडी कठड्यावर बसलो. बाबा पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी विचारलं, काय दिसतंय?

"उजेड आहे," ते म्हणाले. "मोठा आहे."

आणखी काही विचारलं नाही. पाणी कसं आहे ते सांगितलं: जवळ मातकट, लांब राखाडी, मध्ये वाऱ्याच्या रेघा. समोरच्या काठावर कुणीतरी कपडे वाळत टाकले आहेत. बाबांनी मान हलवली. कठड्यावर हात फिरवत बसले. दगड गरम झाला होता.

ऊन फार चढायच्या आधी निघालो. पहिल्या चढावर दोघांनी मिळून जोर लावला, बाबांचा जास्त. वर पोचल्यावर मी थोडं थांबले, श्वासासाठी. तेव्हा मागून बाबांनी विचारलं, "आज कुठला शर्ट घातलायस?"

मी पिवळाच घातला होता. नेहमीचाच. ते माझ्यापासून हातभर मागे होते.

"पिवळा," मी म्हटलं.

"हं. तोच."

समोर उतार होता, लांब, खालपर्यंत दिसणारा. मी ब्रेकवर हात ठेवले.

"बाबा, आता उतार आहे. मोठा आहे, पण सरळ आहे. रस्ता चांगला आहे. मी हळूच सोडते."

"सांगितलंस," बाबा म्हणाले. "सोड."

सोडली. खाली पोचेपर्यंत मी बोलत राहिले. वाटेत काही नव्हतं, तेही सांगितलं.